पाण्याचे सार्वजनिकपण

चौकात पुतळा उभा राहिला की तो सार्वजनिक झाला, असे आपण मानतो. पाणवठ्याचे तसे नाही. ज्यांना आजवर दूर ठेवले त्यांचा हात तेथे लागेपर्यंत तो केवळ कागदावर सर्वांचा असतो.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडास तर १९२४ सालीच नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. पण अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. ठरावाने जे झाले नाही ते ओंजळीने झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच दिवशी मारहाण झाली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आता आपल्या ओझरकडे वळू. येथला प्रश्न जातीचा नव्हता, पाटाच्या शेवटाचा होता. दोन्हींस एक मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. वाघाड धरणाचा पाट निघतो तिकडच्यांचे मळे भिजत, आणि टेलचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसे. ज्याच्या शेतात पाणीच येत नाही, त्याने पाटकऱ्याकडे दाद मागावी तरी कशाच्या आधारे? बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राची मंडळी यांनी ही माणसे एकत्र आणली. १९९० नंतर थोड्याच काळात महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पहिल्या नावाने फुल्यांच्या हौदाचे स्मरण व्हावे, हा योग मला सुखवितो.

यातली खरी किमया मात्र एका साध्या मोजपट्टीची आहे. चारीच्या तोंडाशी बांधकाम करून प्रवाह आकसतात. तेथे पाणी पट्टीच्या कोणत्या खुणेपर्यंत चढले, यावरून दर सेकंदाला किती पाणी वाहते ते कळते. त्याला वेळेने गुणले की संस्थेला मिळालेले पाणी निघते. पाणीपट्टी पिकावर न लागता घनमापावर लागते. खूण कोणालाही वाचता येते, म्हणून तक्रारीस पुरावा मिळतो, आणि रात्रीच्या पाळीला शेजाऱ्यांना एकमेकांच्या बांधावर जावेच लागते. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाच्या संस्थांचाही संघ झाला.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. २००५ च्या कायद्यानेही सभासदत्व लाभक्षेत्रात जमीन धारण करणाऱ्यास वा कसणाऱ्यास आहे. त्याच शेतात दारे धरणाऱ्या भूमिहीन मजुराला सभेत मत नाही.