केदारनाथला डोके दुखू लागले तर

हिंगोली जिल्ह्यातल्या भाविकांनी बारा ज्योतिर्लिंगांचा संकल्प सोडला, की पहिले दर्शन घरातच होते. औंढा नागनाथ हाकेच्या अंतरावर. केदारनाथ मात्र बहुतेक जण मुलाबाळांचे मार्गी लागल्यावर, नोकरी-शेतीतून मोकळे झाल्यावर मनावर घेतात. म्हणजे वय साठीच्या पुढे आणि पिशवीत रक्तदाबाच्या, नाहीतर साखरेच्या गोळ्या. एखाद्या टूरवाल्याची आठ-दहा दिवसांची सहल ठरते आणि घर सोडल्यापासून चार-पाच दिवसांत ही मंडळी केदारनाथच्या रांगेत उभी असतात.

हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरचे. केदारनाथचे देऊळ 3,583 मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. राज्यात कुठेही राहून, कितीही गड चढून या उंचीचा सराव होत नाही.

तिथल्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे हिंगोलीत एका श्वासात जितका ऑक्सिजन आत जातो, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच केदारनाथला मिळतो. शरीर लगेच श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवते. पण जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्तातले आम्ल कमी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, ती यामुळेच. हा समतोल मूत्रपिंडे सावरतात, त्याला काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला तर काही आठवडे.

आणि वेळ कोणाकडे असतो? गुप्तकाशी सुमारे 1,300 मीटरवर, गौरीकुंड दोन हजारांच्या आसपास. तिथून पहाटे निघायचे, सोळा-अठरा किलोमीटर चढायचे आणि त्याच रात्री साडेतीन हजार मीटरवर झोपायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. पर्वतीय वैद्यकाचा नियम सांगतो, की तीन हजार मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. गौरीकुंड ते केदारनाथ एका दिवसात सुमारे 1,600 मीटरची चढाई होते. हेलिकॉप्टरने ती काही मिनिटांत होते. पायांचा त्रास वाचतो, फुप्फुसांचा वाढतो. घोड्याचेही तेच.

जुन्या यात्रेत ही अडचण आपोआप सुटत होती. मोटाररस्ते होण्यापूर्वी यात्रेकरू हरिद्वार-ऋषिकेशहून पायी निघत, काही मैलांवर असलेल्या चट्ट्यांवर मुक्काम करत, आठवडे-आठवडे चालत. थंडी, घाट, पटकीची साथ यांनी माणसे दगावत. पण उंचीची सवय वाटेतच होऊन जाई. आपल्या नरसीचे संत नामदेव उत्तरेत पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले तेही पायीच. रस्त्याने यात्रा सोपी केली आणि सवयीचे दिवस काढून घेतले.

घाईचा परिणाम सैनिकांवर तपासला गेला. 1962 च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान थेट हिमालयात पोहोचले. भारतीय लष्करी डॉक्टरांनी 1,925 जवानांची निरीक्षणे 1969 मध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या आजारावरचा तो आजही महत्त्वाचा अभ्यास मानला जातो. हे सगळे तरुण, कसलेले होते. यात्रेकरूंचे चित्र नेपाळमधल्या गोसाईंकुंडात दिसले. 4,300 मीटरवरच्या त्या तलावाशी श्रावणी पौर्णिमेला पोहोचलेल्या भाविकांपैकी तपासलेल्या सुमारे दोन तृतीयांश जणांना उंचीचा त्रास झाला होता. पंढरीची वारी पायी करणाऱ्यांनी म्हणूनच सावध राहायला हवे. पायात बळ असणे वेगळे, उंचीची सवय असणे वेगळे. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि लवकर आजारी पडतो.

त्रास डोकेदुखीपासून सुरू होतो. मग मळमळ, भूक मरणे, गळून जाणे, चक्कर, झोप न लागणे. इथेच यात्रेकरू गप्प बसतो. एवढ्या लांब आलो, आता दर्शनाआधी सांगितले तर सगळ्यांचा खोळंबा होईल. सुनेला, मुलाला काळजी. घरातली वडीलधारी बाई तर हमखास बोलत नाही. त्यात उपवास, आणि वाटेत शौचालयाची सोय नीट नसते म्हणून पाणीही पोटात नसते. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019-21 ची पाचवी फेरी सांगते. रक्तच कमी, त्यात हवेत ऑक्सिजन कमी.

दोन लक्षणे दिसली, तर दर्शनाचा विचार बाजूला ठेवावा लागतो. बसल्या जागीही धाप लागणे, खोकला, फेसाळ थुंकी म्हणजे फुप्फुसांत पाणी साठते आहे. झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज येते आहे. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला तर थकवा समजू नये. उपाय एकच, खाली उतरणे, रात्र असली तरी कोणाच्या तरी आधाराने. ऑक्सिजन मिळाला तर लावावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नये. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. यात्रेच्या हंगामात त्याच्या पुड्या मात्र भरपूर खपतात.

ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. हृदयविकार, मधुमेह, दमा असणाऱ्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन तर सगळ्यांनीच. इन्सुलिन गोठले की निकामी होते, ते अंगाशी ठेवावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गार बोटांवर चुकीचा आकडा दाखवते. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावे.

टूरवाल्याशी बोलताना भाड्याबरोबर मुक्काम कुठे आणि किती, हेही विचारावे. उत्तराखंड सरकार किमान सात दिवसांचा बेत करायला सांगते. गुप्तकाशीला एक आणि गौरीकुंडच्या आसपास एक जादा रात्र मिळाली, तरी बराच फरक पडतो. डोकेदुखी सौम्य असेल तर वर न जाता एक दिवस थांबावे. बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते, मग पुढे जाता येते. ज्यांना खाली उतरावे लागले, त्यांनी पुन्हा चढायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. देऊळ भाऊबीजेपर्यंत उघडे असते.