एकोणतीस की इप्पत्तोंबत्तु? गणिताचा तास आणि डिझाइन थिंकिंग

बेळगावहून पुण्याच्या दिशेने महामार्गाला लागलं की थोड्याच अंतरावर काकती येतं. राणी चन्नम्मांचं जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. गणिताच्या शिक्षकाने मात्र या गावाची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इथल्या मुलांच्या कानांवर आकडे दोन रीतींनी पडतात. २९ ला मराठीत ‘एकोणतीस’ म्हणतात, म्हणजे तिसाला एक कमी. कानडीत तोच आकडा ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस आणि नऊ. ६३ म्हणताना मराठीत तीन आधी उच्चारले जातात आणि साठ नंतर; कानडी ‘अरवत्तमूरु’मध्ये साठ आधी. लिहिताना दोन्ही भाषांत दशकच आधी येतो.

‘त्रेसष्ट’ ऐकून पहिली-दुसरीतलं मूल ३६ लिहितं, तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ एवढंच त्याला ऐकायला मिळतं. खरं तर त्याचं लक्ष पुरेपूर असतं. ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने त्याने लिहिलेलं असतं.

डिझाइन थिंकिंगचं काम नेमकं इथून सुरू होतं, आणि त्याविषयीचा पहिला गैरसमजही इथेच दूर करायला हवा. गणितात डिझाइन थिंकिंग म्हणजे रंगीत कागद, थर्माकोलचे आकार आणि प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर लावलेले तक्ते, असं अनेक शाळांत धरून चालतात. सजावटीशी त्याचा संबंध नाही. ज्याच्यासाठी वस्तू किंवा धडा बनवायचा त्याची अडचण आधी समजून घ्यायची, प्रश्न नेमका मांडायचा, अनेक उपाय सुचवायचे, त्यातल्या एकाचा स्वस्तात कच्चा नमुना करायचा आणि तो त्याच माणसाच्या हाती देऊन तपासायचा, अशी ही रीत आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी.स्कूल’ने या पाच पायऱ्या जगभर पोहोचवल्या. बेळगावजवळ मच्छे इथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अलीकडच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग’ हा विषयच आहे. त्यामुळे हे इंजिनिअरांचं काम, प्राथमिक शाळेचं नव्हे, असा समज इथे आणखी सहज होऊ शकतो.

प्राथमिक शाळेतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात, गणिताची भीती तिथेच बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलला जातो, हाही त्यांचा दाखला होता. त्या जूनमध्ये वाद थेट विधिमंडळात पोहोचला. जुने शब्द हद्दपार झाले, मराठीची मोडतोड झाली, असं बोललं गेलं. वस्तुस्थिती अशी की जुनी नावं पुस्तकात होतीच. नवी रीत त्यांच्या सोबतीला होती, जागी नव्हती. या बदलामागचा विचार मुलाच्या चुकीपासून निघालेला होता, आणि गणित शिकवण्यात तोच सगळ्यात मोलाचा भाग आहे. पण घरी आकडे म्हणून घेणारी आजी आणि वर्गातली शिक्षिका हीसुद्धा धडा वापरणारी माणसं असतात, त्यांनाही आधी सोबत घ्यावं लागतं, हा धडाही त्या वादाने दिला.

काकतीसारख्या गावात तर ‘साठ तीन’ परकं वाटायचं कारण नाही. कानडी गणती येणाऱ्या मुलाला त्याच्याच तोंडातलं ‘अरवत्तमूरु’ दाखवता येतं. २९, ३९, ४९ मधला ‘एकोण’ समजावला आणि मग नव्वदीच्या घरात ‘नव्याण्णव’ हा नियम मोडतो हे मुलांनाच शोधू दिलं, तर मराठी संख्यानामं नुसती पाठ होत नाहीत, कळतातही.

‘गणितात उत्तर एकच, मग तिथे डिझाइन कसलं?’ ही शंका रास्त वाटते. उत्तर एकच असतं, पण चुकण्याच्या वाटा अनेक असतात आणि त्यांना नियम असतो. ५२ मधून २७ वजा करताना कितीतरी मुलं ३५ लिहितात. ती प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान अंक वजा करत असतात. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांचा सविस्तर अभ्यास मांडला. अशा मुलाला आणखी वीस गणितं घातली तर तो चुकीचा नियमच वीस वेळा पक्का होतो. त्याला दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या देऊन एक जुडी सोडायला लावणं, हा झाला कच्चा नमुना.

हे परदेशी खूळ आहे, असंही म्हटलं जातं. नाव परदेशी आहे, हे खरं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, पानं हीच साधनं केली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मोजमाप आणि खर्चाचा अंदाज प्रत्यक्ष काम करताना शिकला जातो. कर्नाटकात १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात शिक्षकांच्याच सहभागातून ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत उभी राहिली आणि पुढे राज्यभरच्या सरकारी शाळांत पोहोचली.

वरच्या वर्गांसाठी बेळगावच्या फौंड्र्या जवळच आहेत. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकर साचा त्या हिशेबाने मोठा ठेवतो. ५०० मिलिमीटरचा भाग हवा तर साचा ५०५ चा. आता सातवी-आठवीच्या मुलांना विचारावं: ५०५ चा एक टक्का कमी केला तर बरोबर ५०० येतात का? येतात ४९९.९५. टक्का कशाचा, हा शेकडेवारीतला सगळ्यात निसरडा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. पुढचा प्रश्न घनफळाचा. १०० च्या घनासाठी १०१ चा साचा केला, तर साच्याची पोकळी एक नव्हे, तीन टक्क्यांहून थोडी जास्तच मोठी होते. वडील किंवा काका फौंड्रीत असलेल्या मुलाकडे या प्रश्नाबद्दल वर्गाला सांगण्यासारखं बरंच काही असतं.

शेवटचा गैरसमज या पद्धतीच्या चाहत्यांचाच आहे. मुलांना साहित्य दिलं की ती सगळं स्वतः शोधतील, पाढ्यांची आणि सरावाची गरज उरणार नाही, असं त्यांना वाटतं. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ च्या आपल्या लेखात याला थेट आक्षेप घेतला: नवशिक्याला मार्गदर्शनाविना सोडलं तर त्याच्या स्मरणशक्तीवर भार पडतो आणि शिकणं कमी होतं. पाढे येत नसतील तर साच्याचा हिशेब अर्ध्यावरच अडकेल. काड्यांनंतर वहीतला सराव हवाच, आणि त्यानंतर चाचणी.

ही चाचणी मुलाइतकीच धड्याचीही असते. आठवड्याने त्याच मुलांना ५२ – २७ सोबत ६० – २८ आणि ४०३ – १५६ द्यावं. पहिली दोन जमली आणि तिसरं अडलं, तर अडचण मधल्या शून्यावरून उसनं घेण्यात आहे. मग जुड्यांसोबत शंभराचा गठ्ठाही बांधावा लागेल, आणि पुढच्या आठवड्याचा धडा तिथून सुरू करावा लागेल.