वीज न जोडता चाललेली चिप

२६ एप्रिल १९८५. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत एआरएम ही नवी चिप आली, बोर्डावर बसली आणि त्याच दिवशी चालली. तिच्या आज्ञा सोफी विल्सन यांनी ठरवलेल्या, आतली रचना स्टीव्ह फर्बर यांची. माणसं मोजकी, म्हणून आज्ञाही मोजक्या नि सोप्या. ट्रान्झिस्टर जेमतेम २५,०००. खरी गंमत पुढे. फर्बर वीज मोजायला बसले, तर मीटरवर शून्य! बोर्डातल्या चुकीमुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. सिग्नलच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर बाईसाहेब बिनबोभाट हिशेब करत होत्या. कमी वीज हवी होती ती स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात चिप तापू नये म्हणून. खिशातला फोन तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. आज बहुतेक मोबाइलमध्ये तिचीच नातवंडं-पतवंडं नांदतात.