आपल्या टाकीतला ऊस, आणि फलटणची गोड ज्वारी

रेठऱ्याचा 'कृष्णा' किंवा साखराळ्याचा 'राजारामबापू' साखर कारखाना नुसती साखर बनवत नाही. तिथल्या मळीपासून होणारं इथेनॉल तेल कंपन्यांमार्फत पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. उरलेलं पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढावं लागतं, तेव्हा कुठे ते मिश्रणासाठी चालतं.

इंजिनाला फायदा काय? इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन पूर्णत्वाकडे जातं आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. त्याचा ऑक्टेनही जास्त. जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन ठोके न देता चालतं. खरी कार्यक्षमता मिळते ती इथेच, पण त्यासाठी इंजिन तसं बनवलेलं हवं. लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, मायलेज थोडं कमी होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

मला सगळ्यात आवडतं ते फलटणचं काम. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या 'नारी' या कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गोड ज्वारीपासून इथेनॉल बनवलं, तेही ऐंशीच्या दशकात! कणसाचं धान्य माणसाला, ताटाच्या रसाचं इंधन, चोथा जनावरांना. पीक सुमारे चार महिन्यांत हाती येतं आणि पाणी उसापेक्षा कितीतरी कमी लागतं. म्हणून माण-खटाव, जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांसाठी मला हाच रस्ता योग्य वाटतो.

इथेनॉलचा रबरावर परिणाम होऊ शकतो, म्हणून जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या.