१६० चौरस फुटांतली स्वस्ताई

दिवाळीच्या फराळाला चार पिकली माणसं जमली की जुने भाव निघतातच. १९७० साली दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत मिळायचं, असं कोणीतरी सांगतं आणि ते खरंच आहे. मात्र अनेक घरांत महिन्याचा सगळा पगारही त्याच रकमेच्या आगेमागे असे. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरातलं कुटुंब खर्चाच्या शंभर रुपयांतले ६४ हून अधिक रुपये खाण्यापिण्यावर घालवत होतं, खेड्यातलं जवळजवळ ७३. २०२२-२३ च्या पाहणीत हेच आकडे ३९ आणि ४६ वर आले. म्हणजे पोट भरणं तेव्हाच जास्त महाग होतं.

तरीही ‘तेव्हा भागायचं’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. भागत होतं, कारण संसारातले काही मोठे खर्च घराच्या पाकिटातून जातच नव्हते. ते कोण उचलत होतं, हे पाहायला मुंबईच्या गिरणगावाइतकी, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगार वस्तीइतकी, चांगली जागा नाही.

सगळ्यात मोठा खर्च घराचा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास मजल्यावर सामाईक, भाडं नाममात्र. खाजगी चाळींचं भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं होतं. पगार वाढला तरी भाडं वाढत नसे. त्याची किंमतही कोणीतरी मोजलीच: मालकांनी डागडुजी सोडून दिली, जिने खिळखिळे झाले आणि नव्याने खोली घेणाऱ्याला पागडीसाठी मोठी रक्कम उभी करावी लागली. आधी आत शिरलेल्यांची ही स्वस्ताई होती.

कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांच्या सामाईक, खोल्यांत तर पाळीप्रमाणे झोप चाले. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. सामान खोलीत, जेवण खानावळीत आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी. त्या खानावळी घरोघरच्या बायका चालवत. पहाटेपासून चुलीशी राबणाऱ्या या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. कामगाराचं जेवण परवडत होतं ते या बायकांच्या कष्टांवर. जुन्या दिवसांच्या कौतुकात त्यांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते.

बाकीच्या गोष्टी संस्थांनी पेलल्या होत्या. शाळा महापालिकेची. आजारपण निघालं तर परळचं केईएम, तेही महापालिकेचंच, १९२६ पासूनचं. दूध आरे वसाहतीचं, कार्डावर, केंद्रावरून काचेच्या बाटलीत यायचं. किराण्यासाठी नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये सहकारी ग्राहक भांडार काढलं, तेच पुढे ‘अपना बाजार’ झालं. उरलेल्या अडीनडीला वाण्याची वही आणि भिशी.

पण रांगा? रॉकेलची, साखरेची, दुधाची, नळाची रांग. तासन्‌तास उभी राहायची ती बाई नाहीतर शाळकरी पोरगी, आणि त्या तासांची नोंद कोणत्याच हिशेबात नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. भाव इतके भडकले की घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षी सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या. त्याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या. लाटणी उगारत, थाळ्या वाजवत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. स्वस्ताईच्या आठवणी काढताना हा लाटणं मोर्चा कसा विसरला जातो, मला कळत नाही. देशात १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वर्षाच्या आतच दगावत होती, हेही त्याच काळाचं चित्र.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं जगणं उलटंपालटं झालं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले. खर्चातला डाळ-तांदळाचा वाटा कमी होत गेला आणि घराचा हप्ता, शाळेची फी, दवाखान्याचं बिल हे तीन खर्च घराच्या पाकिटात येऊन बसले. आज जीव दडपतो तो यांच्यामुळे. शेजाराचंही तसंच. पूर्वीचं शेजारपण प्रेमळ होतं यात शंका नाही, पण मूल शेजारणीकडे ठेवून कामाला जाता येत होतं, चकलीचा सोऱ्या मजल्यावर एकच असला तरी चालत होतं, याला पैशातही किंमत होती. ती सोय गेली की पाळणाघराची फी भरावी लागते आणि सोऱ्या विकत घ्यावा लागतो.

त्यातलं काही आजही उभं करता येतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत साधी आहे: शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. मधले दलाल गळतात. दिवाळीचा किराणाही तसाच येतो.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच संडास, घरातच नळ; ज्या बाईने उभा जन्म मजल्यावरच्या रांगेत काढला तिला याचं मोल विचारावं. जुनी खोली परत मागणारं तिथे कोणी भेटेल असं मला वाटत नाही. पण लिफ्ट, पंप आणि सफाईचा खर्च नव्या घरांबरोबर येतोच, आणि मजल्यावरच्या घरांनी किराण्याचा संघ काढायचा झाला तर त्यासाठी लागणारी ओळख त्यांच्याकडे दोन-तीन पिढ्यांची आहे.