पाकिटावर नाव कुणाचं?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे पत्रिका छापून येतात. पहिली गणपतीला, एक वणीच्या सप्तशृंगीला, एक कुलदैवताला. मग घरातली एखादी शिकलेली सून किंवा पुतणी पाकिटांचा ढीग घेऊन बसते. काम सोपं दिसतं, पण पाकिटावरच्या दोन ओळींवरून माणसं वर्षानुवर्षं रुसतात. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आधी यादी करा, तीही चुलीप्रमाणे. दोन भाऊ एका वाड्यात राहतात, पण चुली वेगळ्या असतील तर पाकिटंही वेगळी लिहा. चूल एक असेल तर थोरल्या जोडप्याचं नाव आणि पुढे 'सहकुटुंब सहपरिवार'. हे दोन शब्द राहिले तर सुना-लेकरांनी यायचं की नाही, असा प्रश्न पडतो.

हाती द्यायच्या पाकिटावर नाव-गाव पुरतं. टपालानं जाणाऱ्यावर मात्र मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड हवाच. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांबही आहे. नुसतं 'पिंपळगाव' लिहिलं तर पोस्टमननं जायचं कुठं? असा घोटाळा टळावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आणणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. सहा आकड्यांपैकी पहिले तीन टपालाचा विभाग सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. नाशिक शहराचं मुख्य पोस्ट ४२२००१, तर पिंपळगाव बसवंत ४२२२०९.

आता नावाकडे येऊ. 'श्री. व सौ.' लिहून पुढे फक्त नवऱ्याचं नाव घातलं, की त्या बाईला नावच उरत नाही. दोघांची नावं लिहा, जागा पुरते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं आपल्या राज्यात बंधनकारक झालं आहे. मग पाकिटावर तिचं नाव लिहायला आपल्याला काय अडचण?

खरी अडचण येते ती नवरा वारलेल्या बाईच्या पाकिटाशी. घर ती चालवते, शेत ती बघते, आहेरही तीच करते. पाकिटावर मात्र शाळेत जाणाऱ्या मुलाचं नाव, नाहीतर दिराचं. काही जण 'गं.भा.' म्हणजे गंगा भागीरथी लिहितात. मान देतोय असं त्यांना वाटतं, पण ती दोन अक्षरं तिचं वैधव्यच आधी सांगतात. २०२३ मध्ये विधवा या शब्दाऐवजी हाच शब्द वापरावा असा प्रस्ताव सरकारात पुढे आला, तेव्हा राज्यातल्या अनेक बायकांनी विरोध केला. त्याआधी मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं.

आम्ही सुचवतो ते असं. अशा बाईच्या पाकिटावर 'श्रीमती', तिचं स्वतःचं नाव, आडनाव आणि पुढे 'सहपरिवार' लिहा. नवऱ्यानं टाकलेल्या किंवा घटस्फोट घेतलेल्या बहिणीला कोणतं आडनाव लावायचं ते तिलाच विचारा. सगळ्यांच्या पाकिटाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावता, तसं तिच्याही लावा. पत्रिका देताना घरातल्या बायकांना कुंकू लावतो, तेव्हा तिला वगळून पुढे जाऊ नका. तिची इच्छा विचारा आणि तसं करा.

आणि पत्रिकेवर मान देऊन मांडवात तिला मागे बसवलं, तर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. हळदीला, ओवाळायला, अक्षता टाकायला तिला हाक मारा.

येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. प्रत्येकीनं आपलं नाव पाकिटावर कसं लिहिलेलं आवडेल ते स्वतः सांगायचं आणि तसंच लिहून घ्यायचं. लग्नसराईत गावातल्या कुणालाही ते पान कामाला येईल.