कोरड्या जमिनीवरचें पोहणें

पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत, आणि तें खरेंही आहे. परंतु ज्याला पोहतां येतें त्याचे हात पाण्याबाहेरही तयार करतां येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेत नाहीं. सन २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें देशांतील पोहण्याचे तलाव बंद झाले, ते खेळाडूंच्या सरावापुरतेसुद्धां ऑक्टोबरपर्यंत उघडले नाहींत. त्या काळांत अनेक पट्टीच्या पोहणारांना घरीं रबरी पट्ट्याचाच आधार होता. आपल्या घरांतूनही पावसाळ्यांत नदी-विहीर वर्ज्य, परीक्षेच्या दिवसांत तलाव लांब, आणि लेकीसुनांना सोयीची वेळ मिळणें तर त्याहून कठीण. तेव्हां हा पट्टा घरोघरीं असावा असें आम्हांस वाटतें.

ही दोन-अडीच वार लांबीची रबरी पट्टी छातीच्या उंचीवर खिडकीच्या गजांत मधोमध अडकवावी व दोन टोकें दोन हातांत धरावीं. दाराच्या कडीला ती बांधूं नये. एकत्र कुटुंबांत दार कोण केव्हां उघडील याचा नेम नसतो! मग कमरेंतून पुढें वांकून, पाठ सरळ ठेवून, हात गजाकडे लांब करावे. कोपर वरच राखून प्रथम पंजा व मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीकडे वळवावा, आणि मगच मांडीपर्यंत मागें ओढावा. बहुतेक मुलें आधीं कोपरच ओढतात. पाण्यांत अशा हातांतून पाणी निसटतें आणि दमणूक तेवढी पदरीं पडते. तेथें ही चूक काठावरून नीट दिसत नाहीं. घरीं आजोबाही ती खुर्चींत बसून दाखवूं शकतात.

रबर म्हणजे पाणी नव्हे, हें मात्र विसरूं नये. हाताचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध सुमारें चौपट होतो. रबराचा विरोध ताणावर ठरतो. तो आरंभीं ढिला व शेवटीं जड. पोहण्यांत आरंभींची पकडच महत्त्वाची. म्हणून पट्टा आधींच थोडा ताणला जाईल इतक्या अंतरावर उभें राहावें, आणि परततांना हात झटक्यानें जाऊं न देतां सावकाश सोडावा.

आम्हांस खरी काळजी वाटते ती खांद्याची. हा उखळीचा सांधा. पोहण्यानें तो आंत वळविणारे स्नायू बळावतात, आणि बाहेर वळवून सांधा जागेवर धरणारे लहान स्नायू मागें पडतात. पुष्कळांचे खांदे त्यामुळें दुखूं लागतात. यासाठीं कोपर व कूस यांमध्यें टॉवेलाची गुंडाळी धरून, हलक्या पट्ट्यानें, पुढचा हात बाहेरच्या बाजूस न्यावा. पंधरा वेळां, दोन आवर्तनें, आठवड्यांतून तीन दिवस पुरे. जड पट्ट्यासाठीं भावंडांत चढाओढ लागते, ती वडीलधाऱ्यांनीं वेळींच मोडावी. दुखूं लागल्यास थांबावें. उन्हानें रबर विटतें, तेव्हां चीर पडलेला पट्टा टाकूनच द्यावा. तुटून डोळ्याला लागावयास क्षणही पुरतो.

श्वास केव्हां घ्यावा आणि अंग कसें तरंगतें ठेवावें, हें पट्टा शिकवीत नाहीं. पावसाळाभर घरींच सराव केलेल्या मुलास तलाव उघडल्यावर पहिले काहीं दिवस उथळ बाजूसच ठेवावें, आणि काठावर पोहतां येणारें मोठें माणूस असावें.